पान आधी की पंप आधी?

मुडिगेऱ्याच्या बाजूला कॉफीच्या एका मळ्यावर माझे एक स्नेही व्यवस्थापक होते. मूळचे बेळगावकडचे. निवृत्तीनंतरही तिथंच राहिले आणि स्वतःची थोडी अरेबिका लावली. त्यांची भाची धारवाडच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिरोगशास्त्र शिकली आणि आता चिकमगळूर-कोडगू भागात मळेवाल्यांना सल्ला देत हिंडते. ती त्यांना मामा म्हणते, तिच्यामुळे आम्ही सगळेच म्हणतो. हे दोघं एका ओसरीवर बसले की कॉफीवरच्या बुरशीवरून वाद पेटतो आणि तो ऐकण्यासारखा असतो, कारण दोघांपैकी कुणीच ऐकीव बोलत नाही. मामांचं म्हणणं असं, की बुरशीशी गाठ आहे तर तारीख ठरवा आणि पंप काढा. भाची म्हणते, आधी पान उलटा. मी यात कॉफी पिण्यापुरताच तज्ज्ञ. दसऱ्याच्या सुमारास झालेला त्यांचा वाद इथं जमेल तसा उतरवतो. मधूनमधून मीही नाक खुपसलं आहे.

मामा : तू काल खालच्या तुकड्यात एवढा वेळ काय बघत होतीस?

भाची : पानं. खालच्या फांद्यांवरची, उलटी करून. तांबेरा आहे मामा, आणि चांगलाच बसलाय.

मामा : असणारच. मेमध्ये मोरचूद-चुन्याचा बोर्डो मारला होता. सप्टेंबरात पाऊस हटेना, म्हणून दुसरा हात राहिला. माझं गणित सरळ आहे. पावसाआधी एक हात, पावसानंतर एक हात. चुकला की भोगा.

भाची : वरच्या तुकड्यातही सप्टेंबरचा हात राहिलाच होता की. तिथं तांबेरा शोधावा लागतो.

मामा : वर वारा आहे. पानं लवकर सुकतात.

भाची : मग तुमचं गणित तारखेचं की वाऱ्याचं?

मामांनी उत्तराऐवजी तंबाखूची डबी उघडली. आता तांबेरा म्हणजे काय ते सांगणं भाग आहे, कारण आपल्या वाचकांना तो शब्द गव्हावरून किंवा सोयाबीनवरून माहीत असतो. कॉफीवरचा तांबेरा ‘हेमिलिया व्हास्टाट्रिक्स’ या बुरशीनं होतो. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा, तेलकट वाटणारा डाग दिसतो. पान उलटलं की त्याच जागी नारिंगी पूड. बोटानं पुसली की बोटाला लागते. ही पूड म्हणजे बीजाणू. अरेबिकाच्या पानाची श्वास घेणारी रंध्रं खालच्या बाजूला असतात, त्यामुळे बुरशी आत शिरते तीही खालून आणि पिकून बाहेर पडते तीही खालूनच. डाग जुना झाला की मधोमध तपकिरी, मेलेला दिसतो आणि पूड कडेला सरकते. मग पान गळतं.

पान गळलं तर काय एवढं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर मामा आणि भाची दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. कॉफीचं फळ यंदा वाढलेल्या फांदीवर पुढल्या वर्षी धरतं. ऑक्टोबरात पानं झडली, की फांदीजवळ आहेत ती फळं पोसायलाही काही उरत नाही. फांदी टोकाकडून वाळत येते आणि पुढच्या वर्षाचं पीक आताच बुडतं. तांबेऱ्याचा हिशेब म्हणून एक वर्ष उशिरा कळतो.

भाची : आणि गंमत म्हणजे खालच्या तुकड्यात सगळंच तांबेरा नाही. बांधाकडच्या रांगेत तुमच्या माणसानं मला जो ‘तांबेरा’ दाखवला, तो सर्कोस्पोरा होता. गोल तपकिरी ठिपका, मधे राखाडी-पांढरा, भोवती पिवळं वलय. डोळ्यासारखा. पूड नाही.

मामा : बोर्डो त्यालाही चालतो.

भाची : चालतो, पण तो तिथं आला का? सावली तुटलीय, झाड उन्हात भाजतंय आणि खत कमी पडलंय. त्या रांगेला बोर्डो पाजण्यापेक्षा नत्र-पालाश द्या. रोपवाटिकेतही हाच ठिपका येतो तो उपाशी, उघड्या रोपांवर. ओळख चुकली की औषध लागू पडल्यासारखं वाटतं आणि कारण तसंच राहतं.

मामा : हे बघ, तीन वेगवेगळे आजार, तीन वेगवेगळी औषधं, असं करायला माझ्याकडे माणसं आहेत का? एक पंप, एक मिश्रण, सगळ्या मळ्याला. त्यात चार झाडांना फुकट गेलं तर गेलं.

मामांची ही बाजू मला हसण्यावारी नेता येत नाही. उतारावरच्या मळ्यात पाठीवर पंप घेऊन चढणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत, आणि ज्याच्याकडे मजूर ठरावीक आठवड्यातच मिळणार आहेत, त्याला पान न् पान बघून ठरवा म्हणणं सोपं आहे, करणं नाही. तारीख हा अडाणीपणा नव्हे. माणसं बांधून ठेवायची ती एक रीत आहे.

भाचीनं मग इतिहास काढला. तिला त्याची हौस आहे.

भाची : मामा, सिलोनचे मळेवाले काही कमी कष्टाळू नव्हते. 1869 मध्ये तिथं हा डाग पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी इंग्लंडात बर्कली आणि ब्रूम यांनी बुरशीला नाव दिलं. पुढच्या वीस वर्षांत डोंगरच्या डोंगर कॉफीचे रिकामे झाले आणि तिथं चहा आला. आज आपण ‘सिलोन टी’ म्हणतो तो तांबेऱ्याचा उपकार.

मामा : कारण त्यांच्याकडे औषध नव्हतं! हॅरी मार्शल वॉर्ड हा शास्त्रज्ञ तिथं 1880 ला गेला, 1882 पर्यंत काम केलं, बुरशी पानात कशी शिरते ते बघितलं, बीजाणू वाऱ्यावर येतात हे हवेत काचपट्ट्या ठेवून दाखवलं. सगळं ओळखलं. पान उलटून बघण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि वाचवलं काय? काही नाही. बोर्डो मिश्रण आलं 1885 ला. तीन वर्षं उशीर झाला. म्हणून मी म्हणतो, ओळख ठीक आहे, पंप पाहिजे.

हा टोला नेमका बसला. मामा वॉर्डला असा वापरतील असं भाचीला वाटलं नसावं. बोर्डोची कथाही मामांच्या बाजूचीच आहे. फ्रान्सात मेडॉक भागातले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की केवड्यानं सगळा मळा झडला तरी नेमक्या त्याच वेलींची पानं शाबूत आहेत. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार आजही ते निळं पाणी मारतात, आणि श्रीवर्धनपासून खाली कोकणात सुपारीवाले पावसाच्या तोंडावर मारतात ते हेच.

भाची : वॉर्डनं आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तुम्ही गाळली. मैलोगणती एकच पीक, मधे झाडांचा आडोसा नाही, वाऱ्याला अडवणारं काही नाही, म्हणून बुरशी इतकी धावली. हा शेतीच्या मांडणीचा दोष होता.

मामा : मान्य. म्हणून तर आपल्याकडे सावलीत कॉफी. सिलोनसारखं आपण बोडकं केलं नाही.

भाची : आणि म्हणूनच आपल्याकडे दुसरी अडचण. सावली दाट झाली की पान सुकत नाही. तांबेऱ्याच्या बीजाणूला रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. नुसती दमट हवा पुरत नाही. थेंब काही तास टिकला, हवा बावीस-चोवीस अंशाच्या आसपास असली, की तो आत. पूड दिसायला पुढं तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तच. तुम्ही ऑक्टोबरात जो नारिंगी रंग बघता, तो सप्टेंबरातल्या ओल्या पानाचा निकाल आहे.

मला इथं थांबावंसं वाटलं. सबंध वादातलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच होतं आणि ते बोलता बोलता निसटून गेलं. आजार दिसतो तेव्हा त्याच्यावर काम करायची वेळ मागं पडलेली असते. बोर्डो हे पानाच्या पृष्ठभागावर राहून बीजाणू रुजू न देणारं औषध आहे, आत शिरलेल्या बुरशीला ते हात लावत नाही. मग पूड दिसल्यावर पंप काढणारा आणि पूड न बघता तारखेला काढणारा, यांत दुसरा शहाणा ठरतो. पण ती तारीख कोणत्या तुकड्याला लावायची हे त्याला आदल्या वर्षीच्या पुडीनंच सांगितलेलं असावं लागतं. मी हे बोलून दाखवल्यावर मामा म्हणाले, ‘तेच तर मी म्हणतोय’, आणि भाचीही म्हणाली, ‘तेच तर मी म्हणतेय’. त्यामुळे वाद पुढं चालू राहिला.

मामा : मिश्रण करायलाही अक्कल लागते. तुमची आजची पोरं पाकीट फोडतात. अर्ध्या टक्क्याचं करायचं तर शंभर लिटरला अर्धा किलो मोरचूद, अर्धा किलो कळीचा चुना. मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात विरघळवायचा, लोखंडी डब्यात कधीच नाही, डबाच खातो तो. चुना वेगळा भिजवायचा, गाळायचा. दोन्ही पाणी तिसऱ्या पिंपात एकदम ओतायचं, ढवळत. मग घासलेली सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, पान जाळेल. अजून चुना घाल. रंग आभाळी आला पाहिजे. आणि त्याच दिवशी संपवायचं. रात्री उरलेलं सकाळी मारणारे मी बघितलेत.

भाची : यात माझा एका शब्दाचाही वाद नाही. वाद पुढं आहे. तुमचा माणूस नोझल वरून खाली धरतो. वरून पान निळं दिसतं, मामा खूश. बुरशी शिरते खालून! मेमध्ये मी वरून निळी झालेली पानं उलटली. खाली कोरडी ठणठणीत.

मामा : (थोडं थांबून) नोझल वर तोंड करून धरायला सांगितलं होतं.

भाची : सांगितलं होतं. पान उलटून कुणी बघितलं नव्हतं.

मामा गप्प. भाची मग तांब्यावर आली. पिढ्यान् पिढ्या मोरचूद मारलेल्या मातीत तांबं साठत जातं. ते कुजत नाही की उडून जात नाही. शिवाय तांबं वाईट बुरशी आणि चांगली बुरशी असा भेद करत नाही. मेक्सिकोत चियापासच्या सावलीतल्या कॉफीमळ्यांवर जॉन वँडरमीर आणि इवेट पर्फेक्टो या शास्त्रज्ञ जोडप्यानं वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथं हिरव्या खवले-किडीवर एक पांढरी बुरशी वाढते, आणि तीच बुरशी तांबेऱ्याच्या पुडीवरही बसून तिला खाते. आपल्याकडेही पावसाळ्यात पानावर पांढऱ्या कडेची, मेलेली खवले-कीड दिसते. ‘ती बघून फवारणी करू नका, ती तुमची माणसं आहेत,’ असं भाची मळेवाल्यांना सांगते.

मामा : तुझी ती पांढरी बुरशी मला वर्षभराचं कर्ज फेडून देणार आहे का?

भाची : नाही देणार. पण तिला मारायचा खर्च तरी वाचेल.

आंतरप्रवाही औषधांवर दोघांचं फारसं भांडण झालं नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधं पानाच्या आत शिरतात, त्यामुळे नुकत्या लागलेल्या बुरशीवरही चालतात; पावसानंतर तांबेरा चढत असेल तेव्हा मामाही ती वापरतात. भाचीची काळजी निराळी. आपली बरीचशी कॉफी इटली, जर्मनीकडे जाते, आणि युरोपीय संघानं प्रोपिकोनॅझोलच्या मान्यतेचं 2018 मध्ये नूतनीकरण केलं नाही. जे औषध इथल्या दुकानात मिळतं, त्याचा अंश तिकडच्या तपासणीत चालेलच असं नाही. मामा म्हणाले, ‘म्हणून तर बोर्डो बरा’, आणि हा मुद्दा तिथंच मिटला.

चहा आला (कॉफीवाल्यांच्या घरी दुपारी चहाच असतो, हे एक गूढ आहे) आणि बोलणं कोळे रोगाकडे वळलं. सुपारीवरही कोळे रोग असतो, पण ती बुरशी वेगळी. कॉफीवरचा कोळे हा काळ्या कुजीचा आजार. मृगाचा पाऊस लागला, धुकं उतरलं, की खोलगट, दाट सावलीच्या जागी जुलै-ऑगस्टमध्ये तो दिसतो. पानं काळी पडून सडतात, पण खाली पडत नाहीत. बुरशीच्या चिकट धाग्यानं फांदीला लोंबकळत राहतात. फळंही काळी होऊन गळतात. ज्यानं एकदा ही लोंबती पानं बघितली त्याला दुसऱ्यांदा ओळखपत्र लागत नाही. तांबेऱ्याला रोबस्टा बरीचशी दाद देत नाही, पण कोळे रोग तिलाही सोडत नाही.

भाची : इथं तर तुमचं एक टक्क्याचं बोर्डोसुद्धा एकटं पुरत नाही. बुरशी उन्हाळाभर फांद्यांवर सुप्त पडून असते. पहिल्या पावसाबरोबर फांदीच्या खालून सरकत पानावर येते.

मामा : कोळेच्या बाबतीत मला शिकवू नकोस. कोळे हाताचा आजार आहे, पंपाचा नाही. मेमध्ये झाडाच्या पोटातल्या आडव्यातिडव्या फांद्या काढायच्या, मधे उजेड-वारा खेळला पाहिजे. वरच्या पांगाऱ्याच्या, सिल्व्हर ओकच्या फांद्या विरळ करायच्या. मागच्या वर्षी जिथं काळं पडलं होतं, त्या जागा चुन्याचा ठिपका देऊन ठेवलेल्या असतात. तिथल्या फांद्या छाटून जाळायच्या. मग एक टक्क्याचा बोर्डो, पानाच्या खालून. आणि भर पावसात बाई-माणसं पाठवायची, सावलीच्या झाडांची पानं कॉफीवर पडून गोळा होतात ना, ती काढून टाकायला. त्या ओल्या गोळ्याखालीच कोळे सुरू होतो.

भाची : (माझ्याकडे वळून) हे बघा. मागच्या वर्षी चुन्याचा ठिपका देऊन ठेवलेली जागा! म्हणजे आधी बघितलं, मग काम केलं. हेच मी तांबेऱ्याला करा म्हणते तर मामांना पोरखेळ वाटतो.

मामांनी पहिल्यांदाच मनापासून हसून घेतलं.

पण सावलीवर मात्र ते हटले नाहीत, आणि त्यांचं कारण भक्कम आहे. सावली विरळ केली की पान लवकर सुकतं, कोळे आणि तांबेरा दोन्ही उतरतात. तीच सावली प्रमाणाबाहेर उडवली की अरेबिकाच्या उन्हात तापलेल्या खोडावर पांढरा खोडकिडा अंडी घालतो. त्या किड्यानं पोखरलेलं झाड उपटून जाळण्यापलीकडे काही करता येत नाही. शिवाय भरपूर ऊन मिळालेलं झाड एका वर्षी आवाक्याबाहेर फळं धरतं, थकतं, आणि थकलेल्या झाडाचं पान तांबेऱ्यापुढं टिकत नाही. सावली वाढवली तरी तांबेरा, फार कमी केली तरी तांबेरा, शिवाय खोडकिडा. पुस्तकात याला ‘योग्य सावली’ म्हणतात. ती योग्य सावली किती, हे दोन तुकड्यांत वेगवेगळं असतं, आणि इथं मामांचा डोळा भाचीच्या पदवीपेक्षा जास्त बघतो असं मला वाटतं. भाचीनंही ते नाकारलं नाही.

खरं भांडण जातींवरून झालं. मामांच्या बागेत एस. 795 आहे. भाचीला ती काढून चंद्रगिरी लावायची आहे.

भाची : तुम्ही दरवर्षी पानावर लढता. लढाई बियाण्यात जिंकता येत असेल तर पानावर कशाला? चंद्रगिरी आपल्याच कॉफी संशोधन केंद्रानं 2007 मध्ये दिली. तिच्यात तिमोर बेटावरच्या संकराचं रक्त आहे. तिथं 1920च्या दशकात अरेबिका आणि रोबस्टा यांचा निसर्गतःच संकर झालेलं झाड सापडलं, तांबेऱ्याला दाद न देणारं. जगातल्या बहुतेक प्रतिकारक जाती त्याच झाडाच्या वंशातल्या.

मामा : आता मी इतिहास काढू? या भागात आधी ‘कूर्ग’ जात होती. तांबेऱ्यानं आणि किड्यानं मिळून घालवली. मग 1911 मध्ये केंट नावाच्या मळेवाल्याला म्हैसूर संस्थानातल्या दोड्डेनगुड्डा मळ्यावर एक झाड सापडलं. सगळं झडलं तरी हे हिरवं. सगळ्यांनी केंट लावली. काही वर्षं राजासारखी गेली, मग तिच्यावरही तांबेरा. का, ते कळलं बाळेहोन्नूरला. कोलमन या शास्त्रज्ञानं 1925 मध्ये तिथं कॉफी संशोधनाचं केंद्र काढलं होतं, आणि 1932 मध्ये मेन या शास्त्रज्ञानं तिथंच दाखवलं, की तांबेरा एक नाही. त्याच्या वेगवेगळ्या पोटजाती आहेत. एक केंटला हात लावत नाही, दुसरी तिलाच खाते. मग 1940च्या दशकात आपली 795 आली. तिचाही किल्ला पडला. 1980च्या दशकात कावेरी आली, तिमोरचंच रक्त. पडली. होंडुरासनं लेंपिरा नावाची जात देशभर लावली, तिमोरचंच रक्त. 2017च्या सुमारास तिथल्याच कॉफी संस्थेला सांगावं लागलं, की हिला आता तांबेरा लागतो. तुझी चंद्रगिरी तेवढी अमर?

भाची : अमर कुणी म्हणत नाही. पण कूर्ग जात ज्या वेगानं गेली त्या वेगानं 795 गेली का? ती आजही तुम्हाला पीक देते. प्रतिकार मोडला म्हणजे शून्य झाला असं नाही. चंद्रगिरीला दोनऐवजी एक हात पुरला, एवढा जरी फरक पडला तरी तुमच्या मजुरांचा निम्मा प्रश्न सुटतो.

मामा : आणि चव? 795 ची चव विकणाराला विचार.

भाची : चव फांदीवर पान असेल तर येते, मामा.

मामा : एका डोंगराला एकच जात लावली की नव्या तांबेऱ्याला मेजवानीच. सिलोन झालं ते असंच झालं. तूच म्हणालीस.

यावर भाची विचारात पडली. मलाही हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटला. पोर्तुगालमध्ये ओएराश इथं 1955 पासून कॉफी तांबेऱ्याचंच संशोधन करणारं केंद्र आहे, आणि तिथं आतापर्यंत पन्नासच्या वर पोटजाती वेगळ्या ओळखल्या गेल्या आहेत. बुरशी बसून राहत नाही. 1970 मध्ये ती ब्राझीलमध्ये पोहोचली, 2012-13 मध्ये तिनं मध्य अमेरिकेतले मळे झोडपले, आणि 2020 मध्ये हवाईत, जिथं ती कधीच नव्हती, तिथंही उगवली. ज्या शत्रूचा रंग दर काही वर्षांनी बदलतो, त्याच्यासमोर एकच जात सगळीकडे लावून निर्धास्त बसणं हा धंद्यातला धोका आहे. शेवटी भाचीनं मागणं कमी केलं. खालचा, सतत ओला राहणारा तुकडा चंद्रगिरीचा करा, वरचा 795 राहू द्या. मामांनी ‘बघू’ म्हटलं. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे बहुतेकदा नाही. मामांच्या तोंडी त्याचा अर्थ मात्र ‘रोपं कुठं मिळतील?’ असा असतो. थोड्या वेळानं त्यांनी तेच विचारलं.

मूळकुजीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर दोघांचं एकमत आहे आणि एकमताला लेखात फार जागा देऊ नये. झाड अचानक पिवळं पडून मरतं, शेजारचं मरतं, मग त्याच्या शेजारचं, तेव्हा पंपाकडे जाऊ नका. माती उकरून मूळ बघा. मुळाला माती घट्ट चिकटून तपकिरी कवच झालं असेल किंवा धुतल्यावर लालसर दोरे दिसले, तर मूळकूज. ती बहुतेकदा तोडलेल्या सावलीच्या झाडाच्या जमिनीत राहिलेल्या बुंध्यातून येते. पांगारा पाडताना बुंधा तसाच सोडणारा माणूस पुढच्या काही वर्षांत कॉफीची दहा-वीस झाडं देऊन त्याची किंमत मोजतो. मेलेली झाडं मुळांसकट काढून जाळायची, भोवती चर खणून तो भाग वेगळा करायचा, माती उघडी ठेवायची. फवारणी इथं निव्वळ पैशाचा धूर.

वाद संपला तेव्हा अंधार पडत आला होता, आणि मला निकाल द्यायला सांगितलं गेलं. मी दिला. जातीच्या प्रश्नावर मामांची शंका बरोबर, आणि सावलीच्या प्रश्नावर मामांचा डोळा बरोबर. बाकी सगळीकडे भाची जिंकली, कारण मामांनी ज्या ज्या ठिकाणी बुरशीला खरोखर हरवलं, त्या त्या ठिकाणी ते तिचंच तंत्र वापरत होते, फक्त त्याला तारीख म्हणत होते. कोळेचे चुन्याचे ठिपके हा त्याचा पुरावा. नुसती तारीख पाळून वरून निळी झालेली पानं हा उलटा पुरावा.

आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्याच्या बाजूला कॉफी आहे, आणि हौसेनं परसात चार झाडं लावणारेही आता भेटतात. त्यांना एकच विनंती. पाऊस ओसरला की खालच्या फांद्यांची पानं उलटून बघा, कोणत्या कोपऱ्यात पूड लागली, कुठं पान काळं होऊन लोंबत होतं, कुठला भाग दुपारपर्यंत ओला राहतो, ते वहीत लिहून ठेवा. छाटणी, सावलीची विरळणी आणि पहिला बोर्डो मेअखेर, पाऊस लागण्याआधी करायचा असतो, आणि तेव्हा झाडावर यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.